हाडाचा नट आणि गळ्यातली माळ

इलेक्ट्रिक गिटारच्या नटाबद्दल, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीबद्दल, एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, आणि ती मी गिऱ्हाइकाला आपणहून सांगतोच असं नाही. बोटानं तार फ्रेटवर दाबली की त्या सुरापुरतं नटाचं काम संपतं. मग वाजते ती फ्रेटपासून ब्रिजपर्यंतची तार. नट हाडाचा आहे की प्लास्टिकचा, याचा जो काही फरक पडायचा तो मोकळ्या तारांवर. तोही पेडलमधून, अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि लग्नाच्या मांडवातल्या जनरेटरच्या घरघरीतून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत किती पोचतो, हे देवच जाणे.

दिंद्रुडला माझ्याकडे दुरुस्तीला मुख्यतः भजनी मंडळांच्या पेट्या येतात, कधी सप्ताहाच्या आधी वीणा येते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांच्या गिटारी अलीकडच्या. तक्रार बहुतेक एकच असते: सूर लावला तरी टिकत नाही, तिसरी तार सगळ्यात आधी उतरते. नटाच्या खाचेत तार अडकते. खुंटी पिळली तरी ती जागची हलत नाही, मग एकदम ‘टिंग’ करून पुढं सरकते आणि सूर चुकतो. गिब्सनच्या धाटणीच्या गिटारीत मधल्या तारा नटावरून निघून बाजूला वळतात, म्हणून तिथं हा त्रास जास्त. खाच तारेच्या जाडीला बेतून कानशीनं साफ केली आणि तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासलं, की निम्म्या गिटारी नट न बदलताच सुधारतात. खाच फार खोल गेली असली, तरी खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाकायचा आणि वाळल्यावर नव्यानं घासायची. काही महिने निघतात.

हे सगळं येत असताना ‘हाडाचा टाकू का?’ असं मी विचारतो, तेव्हा नेमकं कोण विचारत असतं? कारागीर, की दुकानदार?

परवा एक पोरगा आला. आईबाप ऊसतोडीला गेलेले, हा आजीजवळ. गिटार पुण्याहून जुनी आणलेली, आणि तिच्यात बापाच्या उचलीतले पैसे आहेत हे त्यानंच सांगितलं. ‘काका, हाडाचाच टाका. टोन फुल येतो म्हणतात.’ ‘म्हणतात’ हा शब्द मला लागला. म्हणणाऱ्यांत मीही आहे. कुणी पाठीमागं उभं राहून एक हाडाच्या आणि एक प्लास्टिकच्या नटाची अशा दोन गिटारी वाजवल्या, तर हाड कोणतं हे मी छातीठोकपणे सांगेन का? मोकळ्या तारांवर कदाचित. दाबलेल्या सुरावर मुळीच नाही.

हाडाचे गुण खोटे नाहीत, हेही खरं. स्वस्त गिटारीचा प्लास्टिकचा नट पुष्कळदा आतून पोकळ असतो आणि त्याच्या खाचा लवकर झिजतात. हाड घट्ट असतं, कानस नीट घेतं, वर्षानुवर्षं टिकतं. टस्कसारखे कारखान्यातले पदार्थही चांगले निघालेत. पण टिकाऊपणा सांगून गिऱ्हाईक हलत नाही. ‘टोन’ म्हटलं की खिशात हात जातो, आणि हे मला माहीत आहे.

दुसरी टोचणी माळेची. मी माळकरी. हाडावर कानस चालली की दाताच्या दवाखान्यातला वास सुटतो, आणि त्याच हातांनी संध्याकाळी हरिपाठाला टाळ धरायचा असतो. पाकिटावर नुसतं ‘बोन’ लिहिलेलं. म्हशीचं, बैलाचं की उंटाचं, काही कळत नाही. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या घरात हा तुकडा खणात पडून असतो. पण मग पखवाजाचं काय? त्याच्या पुडीचं कातडं शेळीचं, आणि त्यावर थाप पडल्याशिवाय आमचं भजन रंगत नाही. ते कधी टोचलं नाही. कातडं वाडवडलांपासून चालत आलेलं आणि हाडाचा तुकडा नवा, एवढ्यावरच माझा विवेक जागा होत असेल, तर त्याला विवेक म्हणावं की सवय?

मिरजेचं उदाहरण मी स्वतःला देऊन पाहतो. फरीदसाहेब या कारागिरापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तिथं सतारी-तंबोरे घडतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीला तिथं हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या आल्या, तसे कारागीर उंटाच्या हाडाकडं आणि कृत्रिम पदार्थांकडं वळले. तंबोरा बोलायचा थांबला नाही. (गंमत अशी, की गिटारीच्या नटाची खाच चुकून सपाट राहिली तर तार सतारीसारखी झणझणते. तिथं जवारी म्हणून जी मुद्दाम काढतात, ती इथं मी घासून घालवतो.) पण हा बदल कायद्यानं करून घेतला. हाडाच्या नटाला कसली बंदी नाही. म्हणजे ठरवायचं ते मला एकट्याला.

पोराची गिटार घेतली, खाचा साफ केल्या, शिसं घासलं. तिसरी तार जागेवर राहायला लागली. मघा जे लिहिलं ते सगळं त्याला सांगितलं, टोनसकट. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, ‘तरी पण काका, हाडाचाच टाका. जुना पिवळा पडलाय.’ दिसायला चांगला हवा, ही मागणी मला टोनपेक्षा प्रामाणिक वाटली. टाकणार आहे. माळेचा प्रश्न सुटला म्हणून नव्हे. खणात आणून ठेवलेला तुकडा आधीच माझ्या नावावर जमा आहे, पुन्हा मागवायचा की नाही ते पुढं बघू. घासायला वेळ लागतो, त्याची मजुरी घेईन. पावतीवर मात्र एवढंच लिहिणार: खाचदुरुस्ती, हाडाचा नट, बसवणूक.