झाड मधे येतंय, की आपण?



आजचं चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय बारावा

बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यातलं एक म्हणजे शत्रू आणि मित्र ज्याला सारखेच. हे समजावताना ज्ञानेश्वर माऊली झाडाचा दृष्टांत देतात. रोप लावणारा असो की घाव घालायला आलेला असो, झाड दोघांनाही एकच सावली देतं.

ही ओवी मी कितीतरी वेळा वाचली. दर वेळी वाटायचं, आपणही असं झाडासारखं व्हावं. या उन्हाळ्यात मात्र पहिल्यांदाच दुसरा प्रश्न पडला. त्या ओवीत झाडाशिवाय दोन माणसंही आहेत. त्यातला मी कोणता?

प्रश्न उगाच पडला नाही. म्हसवडला आमच्या जागेवर घर बांधायचं ठरलं. जागेत एक लिंब आहे, आमच्या वडिलांच्या लहानपणापासूनचा. इंजिनियरने नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाला, "झाड मधे येतंय." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "ते कुठं आलंय? ते हितंच हाय. आलाय तुम्ही."

दादा गीतेचा पाठ करणारा. तो हसत म्हणाला, "अगं, पंधराव्या अध्यायात भगवंतच झाड तोडायला सांगतात की!" खरंच सांगतात. पण तो अश्वत्थ संसाराचा आहे, आणि तो तोडायचं शस्त्र वैराग्याचं. आम्ही लिंब कशासाठी तोडणार होतो? गाडी आत उभी करता यावी आणि हॉल चार फूट मोठा व्हावा म्हणून. म्हणजे जी आसक्ती तोडायची तिलाच खतपाणी घालायचं, आणि कुऱ्हाड मात्र लिंबावर! शास्त्राचा आधार असा सोयीने घेतला की शास्त्र राहतं बाजूला आणि सोय तेवढी उरते.

मग मनाने दुसरी पळवाट काढली. एक तोडू, दहा लावू. कायदाही काहीसा याच वाटेने जातो. शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावून ती ७ वर्षं सांभाळायची, असं ठरवलं. कायद्याला कुठलं तरी माप धरावंच लागतं आणि हे माप वाईट नाही. पण वैशाखात दुपारी दोन वाजता साठ रोपांखाली एक शेळीसुद्धा बसू शकत नाही. साठ वर्षांच्या एका लिंबाखाली अख्खी आळी बसते. माणदेशात तर पाऊस बेभरवशाचा आणि माणगंगा बहुतेक दिवस कोरडी. इथे रोप जगवायचं म्हणजे माणसाच्या घागरीतलं पाणी त्याला द्यायचं. जुन्या झाडाने ते सगळे दुष्काळ आधीच सोसलेले असतात. ते आपल्याला परत विकत मिळत नाहीत.

याचा अर्थ झाड कधीच तोडू नये असा आहे का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ज्याची जागाच अर्धा गुंठा आहे आणि झाड बरोबर मधोमध आहे, त्याने राहायचं कुठे? वठलेली फांदी शाळेच्या छपरावर लोंबत असेल तर? इथे मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. आरमाराला लाकूड हवंच होतं. तरीही त्यात बजावलंय की रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. म्हणजे गरज नाकारलेली नाही, पण जबरदस्तीला परवानगीही नाही. राज्याच्या आरमाराला जी मर्यादा होती, ती माझ्या पोर्चला नसावी?

मला वाटतं, धर्म इथे क्रमात आहे. आधी झाड धरून घर आखायचं, जमत नसेल तर घर हलवून बघायचं, लहान करून बघायचं, आणि तोडण्याचा विचार सगळ्यात शेवटी. आपण नेमका तोच पहिल्यांदा करतो.

आणि वाचवलं म्हणजे संपलं असंही नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड अनेकांना आठवत असेल. यल्लम्मा मंदिराजवळचा, सुमारे ४०० वर्षांचा. रत्नागिरी–नागपूर महामार्गात तो जाणार होता. लोक उभे राहिले, २०२० मध्ये मंत्र्यांपर्यंत गोष्ट गेली आणि चक्क महामार्ग वळवायचं ठरलं. किती आनंद झाला होता! पण दोनच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तो वड कोसळला. ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आपण झाड म्हणजे जमिनीवर दिसतं तेवढंच समजतो. मुळं बरीचशी वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. बुंधा राखला, पण भोवती खणलं, मुरुमाचा भराव टाकला, खडी रचली, सिमेंटचं पाणी सोडलं, खोडाला घट्ट ओटा बांधला, तर ते झाड उभं दिसतं आणि आतून मरत जातं. दिसायला वाचवलेलं आणि खरोखर जपलेलं यात फरक आहे. भक्तीचंही तसंच की. गळ्यात माळ दिसते. मुळाला पाणी पोचतंय का, ते फक्त पांडुरंगाला ठाऊक.

आमचं सांगायचं तर नकाशा पुन्हा काढला. जिना दुसऱ्या बाजूला गेला, हॉल चार फुटांनी आखूड झाला. गाडी रस्त्यावरच राहील, लिंबाच्या सावलीत. दादा अजून थोडा कुरकुरतो. पण परवा ट्रॅक्टरवाल्याने खडी बुंध्याशी ओतली, तर घमेलं घेऊन ती हलवायला पहिला तोच उठला. काम झाल्यावर आम्ही दोघं घामाघूम होऊन बसलो, अर्थात त्याच झाडाखाली. आठवड्यापूर्वी त्याला तोडायला निघालेले आम्हीच. सावलीत काही फरक नव्हता.

तेव्हा ती ओवी मला पहिल्यांदा कळली असं वाटतं. झाड तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

आजचा संकल्प : आपल्या अंगणात किंवा आळीत जे सगळ्यात जुनं झाड आहे, त्याच्या मुळाशी जाऊन बघायचं. तिथे माती उघडी आहे का? नसेल तर हातभर तरी मोकळी करायची.

राम कृष्ण हरी.