देवच होता, मग भेव कायचं?

लोणारच्या विवराच्या कडेला उभं राहून भाच्याला लवणासुराची गोष्ट सांगत होतो. भाचा घाटाखालचा, शेगावकडचा, वय वर्षं नऊ. असुर जमिनीखाली दडलेला, वर दगडी झाकण. ठाव कुणालाच लागेना. मग विष्णूनं देखण्या पोराचं रूप घेतलं, असुराच्या बहिणी भुलल्या, त्यांनी जागा सांगितली. पोरानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि असुराला मारलं. त्याच्या रक्ताचं हे पाणी, मांसाचा हा खार. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच पराक्रमाचं.

फुटाणे चावत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थो त देवच व्हता. मंग त्याले भेव कायचं?"

माझी पंचाईत झाली. उल्केनं काळ्या पाषाणात पाडलेला १.८ किलोमीटरचा खड्डा समोर, म्हणजे अद्भुताला तोटा नाही. तोटा आहे तो पोराचा. आपल्याकडचा लहानगा वीर बहुधा सोंग घेतलेला असतो. बटू वामन तीन पावलांत त्रैलोक्य व्यापतो, तेव्हा त्याचं बटूपण संपलेलंच असतं. श्रावणी सोमवारच्या कहाणीतली गोठ्यात राहणारी, उष्टं खाणारी नावडती सून त्यापेक्षा जवळची वाटते. पण तिचीही नौका शेवटी व्रतच पार करतं.

भा. रा. भागवतांना ही खऱ्या पोराची उणीव उमगली असावी. ज्यूल व्हर्नची अद्भुतं मराठीत आणणारा हा माणूस. स्वतःचा नायक मात्र त्यानं फुरसुंगीचा काडीपैलवान ठेवला. फास्टर फेणेच्या पाठीशी कुठलाही देव नाही, म्हणून तो पकडला गेला की आपल्या पोटात गोळा येतो. माझी तक्रार एवढीच, की 'त्याले-मले' बोलणारा पोरगा पुस्तकात शिरला की बहुधा हसवण्यापुरताच शिरतो.

मग विषय बदलायला भाच्याला वाघाची गोष्ट सांगितली. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून एक तरणा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातून फिरून आपल्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल ३,००० किलोमीटरवर गेली. भाच्याचे फुटाणे हातातच राहिले. "खाल्लं काय त्यानं? हिरीत पडला असता त?"

हा वाघ मरू शकत होता. विष्णू मरू शकत नव्हता.

उतरायला लागलो तसा भाचा पुन्हा लवणासुरावर आला. "मंग थ्या बहिनींचं काय झालं?" गोष्ट त्यांना तिथंच सोडून देते. भाऊ गेला, घर गेलं, तो देखणा पोरगाही देव निघाला. सगळ्यांत जास्त घालवलं त्यांनी, आणि आजवर सांगताना मी त्यांना एका वाक्यात उरकत आलो होतो.

दोन वळणं तो गप्प होता. मग म्हणाला, "आपन असं करू. धाकटी सांगतच नाई." आणि बाभळींतून माझ्यापुढं पळत सुटला.