बहिष्कार : एक शब्द, दोन कृत्यें

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवितांना ‘बॉयकॉट’पाशीं मी नेहमीं थबकतों. बहुतेक शब्दांचा उगम भूतकाळाच्या अंधारांत हरवतो. याचें मात्र जन्मसालही ठाऊक आहे. १८८० सालीं आयर्लंडच्या मेयो परगण्यांत कुळांनीं खंडांत सूट मागितली. जमीनदार लॉर्ड अर्न याचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा वसुलीस उठला, तेव्हां लोकांनीं त्याच्याशीं व्यवहारच तोडला. पीक कापावयास मजूर मिळेना, दुकानदार जिन्नस देईना. त्याच वर्षीं त्याचें आडनांव क्रियापद झालें.

मराठीनें त्यासाठीं ‘बहिष्कार’ शब्द योजिला. पण तो आमच्या घरांत आधींच होता, आणि त्याची आठवण गोड नव्हती. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहावरून पुण्यांत रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य माजलें. त्याच पुण्यांत १९०५ सालीं विदेशी कापडाची होळी पेटली, आणि त्याच टिळकांनीं बहिष्काराचा पुरस्कार केला. पुढें १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या पत्रास ‘बहिष्कृत भारत’ हें नांव दिलें. दुर्बलाचें शस्त्र आणि दुर्बलाची शिक्षा एकाच शब्दांत कशी मावते?

कोणी म्हणेल, हेतु चांगला तर बहिष्कार चांगला. पण ग्रामण्य करणाराही धर्मरक्षणाचाच हेतु सांगे. भेद मला अन्यत्र दिसतो. विदेशी कापड मी घेत नाहीं, तेव्हां मी माझा हात आवरतों आणि झीजही मीच सोसतों. अमक्यास कांहीं देऊं नको असें शेजाऱ्यास बजावतों, तेव्हां दुसऱ्याचा हात धरतों. पहिलें स्वातंत्र्य, दुसरें जुलूम.

यावर एक आक्षेप खरा आहे. गांवांतील प्रत्येकानें आपण होऊन हात आवरला तर? कापडास पर्याय असतो, पाण्यास नसतो. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर झगडा झाला तो पाण्यासाठीं. ज्यावांचून माणूस जगत नाहीं, तें नाकारण्याचा हक्क कोणाचाच नव्हे.

ही रेषा पाळणें सोपें नाहीं. आपल्या लोहारास ठार मारण्याच्या धमकीचें पत्र आलें, असें बॉयकॉटनें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रास कळविलें होतें. कुळांचें गाऱ्हाणें न्याय्य होतें. तरी लोहाराचा हात धरला गेलाच. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, हें योग्यच झालें. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. “तूंही त्याच्याकडे जाऊं नकोस” हे शब्द ओठांवर येतात, तेव्हां तेथें आपल्याखेरीज दुसरा पहारेकरी नसतो.