न मोजलेला आकडा

मागच्या रविवारी दुपारी मुलगा रोइंग मशीनच्या पडद्याखालची बटणं दाबत बसला होता. अचानक म्हणाला, "बाबा, यात एकूण अंतरपण दिसतं. 19.3 किलोमीटर."

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र थांबला. मशीन घेऊन सात महिने झालेत. 19 किलोमीटर म्हणजे बोईसरहून गाडीनं पालघरला जाऊन परत यायलाही पुरायचे नाहीत. आणि कंपनीच्या कँटीनमध्ये मी सांगत होतो, "रोज पाच किलोमीटर मारतो."

बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडणात मुद्दा बाजूला पडतो.

मशीन आलं त्याची गोष्ट साधी आहे. वार्षिक तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला. हा सल्ला फुकट होता, म्हणूनच तो मला पचला नाही. नवापूर रस्त्यावर टँकरची रांग, पहाटे एमआयडीसीचा वास, पावसाळ्यात चिखल, अशी कारणं मी बोटांवर मोजून दाखवली. सगळी खरी होती. पण याच रस्त्यानं कामावर चालत जाणाऱ्या कंत्राटी बायका मला रोज दिसतात, हे मी त्या हिशेबात धरलं नाही. मग 34 हजारांचं मशीन बारा हप्त्यांवर घेतलं. खोकं लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा दोन पोरांनी ते तीन जिने वाहून आणलं. आमच्या घरात त्या मशीनपायी सगळ्यात जास्त घाम त्या दोघांनी गाळला.

बायकोला पटवायला मी दत्तू भोकनळला पुढे केलं होतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा पोरगा, फौजेत जाऊन नौकानयन शिकला, 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, 2018च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक. हे सांगताना माझा आवाज असा चढला होता, जणू त्यातलं थोडं पदक आमच्या हॉलमध्ये येणार होतं.

पहिला महिना मी मशीन हातांनी ओढलं. ताणाचं बटण आठवर, म्हणजे सगळ्यात जड. पाठ धरली. मग कळलं की वल्हवण्याचं बहुतेक काम पायांचं असतं. आधी पायांनी रेटायचं, मग कमरेतून मागे यायचं, शेवटी हात पोटाशी. परतताना हाच क्रम उलटा. मिनिटाला वीस-बावीस वेळा, शांतपणे. आठ आकडा नुसता लावून ठेवला की मेहनत होत नाही. किती रेटलं ते खरं. हे समजल्यावरही बटण मी आठवरच ठेवलं. घरी कुणी आलं तर त्याला ते दिसावं म्हणून.

इथंच थांबलो असतो तर हे एका आळशी माणसाचं गमतीदार गाऱ्हाणं झालं असतं. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे मशीनचा पडदा नव्हता. कामावरची लॉगबुक होती.

मी एका कारखान्यात सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीवर शिफ्ट सांभाळतो. दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घ्यायचा, पीएच मोजायचा, लिहायचा. 5.5 ते 9च्या आत असला तर पाणी पुढे सोडायचं. ते सामायिक शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून नळानं नवापूरच्या समुद्रात. रात्रपाळीत पहाटे चारला टाकीपर्यंत जायचा कंटाळा येतो. तेव्हा खुर्चीत बसूनच मी लिहितो, 7.2. सहाला 7.1. थोडा फरक ठेवतो, म्हणजे आकडा खरा वाटतो. हे रोज केलं नाही. पण किती वेळा केलं तेही मोजलेलं नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या मूल्यांकनात आमच्या तारापूर औद्योगिक वसाहतीचा प्रदूषण निर्देशांक 93.69 होता, देशात सर्वांत वरचा. या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जानेवारी 2022मध्ये निकाल लागला आणि शंभराहून अधिक कारखान्यांवर नुकसानभरपाई बसली. ती बातमी कँटीनमध्ये वाचताना आम्ही सगळे 'मोठ्या लोकां'ना शिव्या देत होतो. मीही देत होतो. नवापूर, दांडी, आलेवाडीच्या ज्या मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या खरी वल्ही मारली, त्यांच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याचा हिशेब रात्री कोण लिहितं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. वास येतो म्हणून पहाटे खिडकी लावून घरात वल्ही मारायचा बेत मी केला. त्या वासात माझ्या 7.2चा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. सांगता येत नाही, कारण मी मोजलं नव्हतं.

बुधवारी रात्रपाळी होती. चारला उठून टाकीवर गेलो, मीटर बुडवला. 5.1. दुसरा नमुना घेतला, तोही तेवढाच. झडप बंद केली, चुन्याचं पाणी सोडलं, वही उघडली आणि 5.1 लिहिलं. हात किंचित थरथरला, हे कबूल करतो. त्या रात्री साहेब रजेवर होते, हेही कबूल करायला हवं. ते समोर बसलेले असताना मी हाच आकडा लिहीन का, हे अजून ठरलेलं नाही. त्यामुळे बुधवारचं धैर्य मी माझ्या खात्यात जमा करत नाही.

गुरुवारी कँटीनमध्ये एकानं विचारलं, "काय, आज किती मारले?" मी म्हटलं, "सहाशे मीटर." तो हसला, त्याला थट्टा वाटली. मी खुलासा केला नाही. ताणाचं बटण आता तीनवर आहे. पडद्यावर 20.8 दिसतं.