कागदाखालचा पोत

खडबडीत वस्तूवर पातळ कागद ठेवून त्यावर मेणखडू आडवा फिरवला की वस्तूचा पोत कागदावर उतरतो. उंचवट्यावर दाब पडून मेण चिकटते आणि खोलगट जागा कोरी राहते. नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासण्याचा खेळ शाळेत बहुतेक सर्वांनी खेळलेला असतो. हा त्याचाच मोठा प्रकार.

खडूवरचे वेष्टन काढून तो कुशीवर घासावा, कारण टोकाने नुसत्या रेघा पडतात. झेरॉक्सचा साधा कागद पुरतो. चित्रकलेच्या जाड कागदात बारीक पोत हरवतो. ऑइल पेस्टल मऊ असल्याने खाचाही भरून काढतात. कागद हलला तर ठसा दुहेरी उमटतो, म्हणून लहान मुलासाठी मोठ्या माणसाने कडा दाबून धराव्यात. त्याच्या हातातला खडू मात्र घेऊ नये.

घरात सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. सोऱ्यातल्या शेवेच्या चकतीचे ठिपके आणि चकलीच्या चकतीचा तारा स्वच्छ उमटतो. सुपाची वीण तर फारच देखणी येते: एक पट्टी वर, एक खाली, हे मुलाला न सांगता कळते. मोदकाचा साचा मात्र निराश करतो. त्याच्या खोल पाकळ्यांपर्यंत कागद पोचतच नाही. असा फसलेला ठसाही जपून ठेवावा, कारण ‘हे का आले नाही?’ या प्रश्नावर मूल स्वतः विचार करते. पानाचा ठसा घेताना शिरांची मागची बाजू वर ठेवावी.

या कृतीचे खरे मोल रंग आणि उठाव वेगळे करण्यात आहे. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतात; खडूला फक्त उठाव कळतो. गिरगावातली खोताची वाडी यासाठी उत्तम जागा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या आणि व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली लाकडी घरे उभी राहिली. त्यांचे भडक रंग पाहणाऱ्याच्या नजरेत आधी भरतात. कागदावर ते रंग येत नाहीत. गुळगुळीत नक्षीदार लादीची सगळी नक्षी गायब होऊन उरतात फक्त सांधे. उलट, रंग न चढवलेली जुनी फळी बोलकी ठरते: लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो, टणक रेषा वर राहतात आणि झाडाची वाढ व माणसांची वर्दळ एकाच ठशात उतरते. रंगाचे थर चढलेल्या फळीवर हे दिसत नाही.

अशाच घासलेल्या लाकडी जमिनीकडे पाहताना जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टला 1925 मध्ये ही पद्धत सुचली. फळ्यांच्या ठशांत त्याला प्राणी आणि अरण्ये दिसली. शिलालेखांचे अभ्यासक मात्र ठसा घेतात तो अक्षर वाचण्यासाठी. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवला आणि वरून शाई लावली की कोरलेली अक्षरे पांढरी उठतात. एकाने ठशातून कल्पना केली, दुसऱ्यांनी पुरावा मिळवला. मुलाला दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात. ठशाचे लगेच ‘सुंदर चित्र’ करून घेण्याची मोठ्यांची घाई त्या बंद करते. वाटल्यास वरून पातळ जलरंग फिरवावा: मेण पाणी झिडकारते आणि कोऱ्या राहिलेल्या जागा रंगतात.

प्रत्येक ठशामागे वस्तू, जागा आणि तारीख लिहावी. संरक्षित शिल्पांवर आणि भुसभुशीत दगडावर खडू घासू नये. वाडीतली घरे लोकांची राहती घरे आहेत. जिन्याला कागद लावण्याआधी घरच्यांना विचारावे. एके काळी तिथे अशी सुमारे 65 घरे होती, आता तिसांहून कमी उरली आहेत. गिरगावातल्या पालकांनी येत्या सुट्टीत मुलांना कागद आणि खडू घेऊन तिथे जरूर न्यावे.