न उघडलेली भेट
'मंक' या विनोदी अमेरिकी गुप्तहेर-मालिकेच्या 2009 सालच्या आठव्या, अखेरच्या पर्वात, सॅन फ्रान्सिस्कोतील परक्यांच्या खुनांचा छडा लीलया लावणाऱ्या, पण कुणाशी हस्तांदोलन होताच ओल्या रुमालासाठी मदतनिसाकडे हात पसरणाऱ्या एड्रियन मंकला, स्वपत्नीच्या हत्येचा पुरावा बारा वर्षे स्वगृहीच, तिने दिलेल्या नाताळच्या भेटीत, पडून असल्याचे उमगते. काखेत कळसा म्हणावे, तर ती शेवटची भेट त्याने प्रेमापोटीच बंद ठेवली होती. मग या मोहाला अविद्या म्हणावे काय? मला तरी धजवत नाही. आतील चित्रफितीने उघडा पडलेला न्यायाधीश स्वतःवर गोळी झाडतो, फिर्याद निकाली निघते. शोकाला मात्र उतार पडतो तो मृत समजली गेलेली पत्नीची कन्या, मॉली, हयात सापडल्यावर.