टाकायचे म्हणजे कोठे?

स्वच्छतेचे धडे मी पंचवीस वर्षे देत आलो. दर शनिवारी आमची शाळा झाडून निघे. पाचोळा, कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या मागच्या कुंपणापाशी पेटवल्या जात आणि मैदान लख्ख झाले की मला कृतार्थ वाटे. कुंपणापलीकडे एक शेत आहे. तेथला मुलगा आमच्याच आठवीत होता. स्वच्छतेवरच्या निबंधाच्या शेवटी त्याने लिहिले होते : 'शनिवारी शाळा स्वच्छ होते. आमचे शेत घाण होते.' मी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून दहापैकी सहा गुण दिले आणि वही मिटली. वाक्य मात्र मिटेना.

त्याच सुमारास अल्बर्ट हॉवर्ड यांचे 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे १९४० सालचे पुस्तक वाचनात आले. हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. तेथे त्यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने जी खतपद्धती बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, हवा खेळावी म्हणून ढीग तीनदा वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार. मातीतून घेतले ते मातीला परत करा, एवढेच त्यांचे सांगणे. आणि मी काय करत होतो? पाचोळा जाळला की त्यातले कर्ब आणि नत्र हवेत जातात; हाती उरते चिमूटभर राख.

यात नवे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या आजोळी परसात उकिरडा होता. माझे कन्नड सहकारी त्याला 'तिप्पे' म्हणतात. दोन्ही भाषांत त्याला नाव आहे, कारण दोन्ही घरांत तो घरचाच होता. पण जुन्या काळाचे नुसते गोडवे गाणेही खरे नव्हे. तो उकिरडा उपसण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई, हे आपण जाणतो. घाण आपली आणि हात दुसऱ्याचे, ही रीत तेव्हाही होतीच.

मी व्याकरण शिकवतो. 'टाकणे' या क्रियापदाला कर्ता असतो, कर्म असते. अधिकरण तेवढे आपण गाळतो. 'मी कचरा टाकला.' कोठे? ते 'कोठे' म्हणजे नेहमी कोणाचे तरी शेत, कोणाची तरी विहीर, कोणाची तरी छाती असते. कचरा ही वस्तू नव्हेच. आपण जिची जबाबदारी नाकारली, अशा वस्तूला दिलेले ते नाव आहे.

आता शाळेमागे दोन खड्डे आहेत. शेण त्याच शेजाऱ्याच्या गोठ्यातले. ते मागायला गेलो तेव्हा आधी क्षमा मागितली. खड्ड्यात मुलांबरोबर मीही फावडे धरतो. पहिले खत त्यांना नेऊन दिले. त्यांनी मूठभर हातात घेऊन हुंगले आणि म्हणाले, "खत झकास झालंय सर. आणि त्या पिशव्या कुठं टाकतासा आता?"

मला उत्तर देता आले नाही. माती जे परत घेत नाही, ते मुळात घरात आणावे काय, एवढाच प्रश्न मी आता मुलांना विचारतो. पिशव्यांची अकरा पोती माझ्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात आहेत. पाहुणे नाक मुरडतात. मी ती हलवलेली नाहीत.